किसनच्या हातचा नारळ

पालखीच्या दिवशी अण्णांनी किसनच्या हातून नारळ घेतला आणि कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी त्यांना कुस्तीच्या आखाड्यात उतरावं लागलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते शिंपी होते, गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणायचं. चौक गावात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत अण्णा, आई आणि मी असे आम्ही तिघं राहत होतो. आम्ही मूळचे घाटावरचे. माझा जन्म इथलाच, तरी गावाच्या लेखी आम्ही ‘घाटी’च राहिलो. त्यात राग नव्हता, ती नुसती ओळख होती. आईच्या हाताला ज्वारीची सवय होती. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी कशी थापायची, हे तिला इथे आल्यावर ठमाबाईंनी शिकवलं. ठमाबाई म्हणजे किसनची आई. किसन आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये मिस्त्री होता आणि गावचा पैलवानही होता. दुपारी तो आमच्या मागच्या दाराशी येऊन बसायचा. हात कोपरापर्यंत ऑइलने काळे असायचे. आई त्याला आधी राखेने हात घासायला लावायची, मगच ताट वाढायची. “वैनी, हात धुवून धुवून माज्या नशिबाच्या रेगा गेल्या बगा,” असं तो म्हणायचा आणि वालाच्या बिरड्यात भाकरी कुस्करायला लागायचा.

मला त्या घराचे आवाज अजून आठवतात. सकाळी आईच्या भाकरीची थापथाप, मग अण्णांच्या मशीनची खडखड, मग भिंतीपलीकडून किसनचा हातोडा. बोरघाटाकडे निघालेले ट्रक समोरून गिअर बदलत जायचे आणि पाण्याच्या मडक्यावरचं झाकण थरथरायचं. हे सगळे आवाज चालू असले की घर ठीक आहे, असं मला वाटे. एखादा थांबला की मी पुस्तकातून मान वर काढायची. मी तशी भित्रीच होते, आणि तो भित्रेपणा मला अण्णांकडून आला होता. रस्त्यावर एखाद्या ट्रकचा टायर फुटला की अण्णा आधी कात्री खाली ठेवत आणि मग दोन्ही हात काखेत घालत. धोका कुठे आहे ते नंतर बघत. हात आधी लपवत. शिंप्याचं सगळं घर त्याच्या हातांवर चालतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी ते तसं रोज बघत होते.

अशा माणसाला सिनेमात मारामारी करायला उभं केलं, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. पण त्या काळी तशाच सिनेमांची लाट होती. त्यांत एक साधा माणूस असायचा, कुठल्यातरी कचेरीतला कारकून, नाहीतर खानावळीतला स्वयंपाकी. डोळ्यांवर चष्मा, केसांना तेल, काखेत छत्री. गुंड त्याच्यामागे लागायचे आणि तो जीव घेऊन पळता पळता चुकून एकाला शिडीने आडवा करायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर पिठाचं पोतं पाडायचा. तिसरा गुंड आपल्याच साथीदाराचा ठोसा खाऊन पडायचा. शेवटी त्या माणसाला कळायचं की आपण लढू शकतो, आणि थिएटरातली तशीच साधी माणसं खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारायची. माझी नातवंडं असे सिनेमे आजही टीव्हीवर लावतात आणि हसतात. मला हसू येत नाही. नायक वरून खाली पडतो, त्या वेळी त्याचा चेहरा दिसत नाही. तिथे एक पाठमोरा माणूस असतो. मी त्याच्या पाठीकडे बघत राहते. हा उठतो की नाही, याची मला काळजी लागते. तोवर पडद्यावर नायकाचा चेहरा परत आलेला असतो आणि सगळे पुढे गेलेले असतात.

शूटिंग आमच्यापासून जवळच्याच एका ढाब्याच्या अंगणात होतं. अण्णांना बोलावलं ते शिवणकामासाठी. मारामारीत नायकाची पँट मागून उसवायची होती आणि प्रत्येक वेळी ती नेमकी त्याच जागी उसवली पाहिजे होती. अण्णांनी तिथे कच्चा टाका घातला, आणि ती बरोबर उसवायला लागली. चिंचेखाली मशीन मांडून दिवसभर ते एकच शिवण घालत बसले. दुसऱ्या दिवशी नायकाच्या जागी पडणारा माणूस आलाच नाही. फाइट मास्तर म्हणून एक पिकल्या केसांचा, लंगडत चालणारा गृहस्थ होता. त्याने अण्णांकडे पाहिलं, जसे अण्णा गिऱ्हाइकाकडे बघत, खांदे, कंबर, उंची. मग म्हणाला, “टेलर मास्टर, जरा खडे हो जाओ.” अण्णा उभे राहिले. त्यांचे खांदे नायकाइतकेच उतरते निघाले.

अण्णा आईला विचारायला घरी आले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे कपडे त्यांचे, चष्मा त्यांचा, आणि हाडं तेवढी आपली,” ती म्हणाली.

“गाद्या घालतात गं खाली.”

“गादीवर पडायचं तर घरात पडा की.”

पण अण्णा जाणार हे तिला त्यांच्या तोंडावरून कळलं असावं. तिने ट्रंक उघडून दोन जुनी लुगडी काढली, एका उशीचा कापूस काढला आणि गोधडीला घालतात तसे दाट धावते टाके घालून एक बंडी शिवली. पाठीला आणि खांद्यांना दुहेरी कापूस घातला. घरात शिंपी असताना ती कधी सुई धरत नसे. ही बंडी मात्र तिने अण्णांना हात लावू दिली नाही.

गुंडांच्या कामाला गावातली धट्टीकट्टी मुलं घेतली होती. त्यांत किसन होता, आणि त्याला फार आनंद झाला होता. अण्णांनी म्हणजे नायकाने ढाब्याचा मोठा झारा फिरवायचा, तो लागून किसनने खाटेवरून कोलांटी खात पाण्याच्या पिंपात पडायचं, असं ते होतं. आमच्या मागच्या अंगणात दोघांची तालीम चाले. अण्णांचा हात किसनच्या कानापाशी जाऊन थबकायचा. “मास्तर, अवो माशी हाकलताय का काय?” किसन ओरडायचा. “मारा बिनधास. मी काय काचेचा हाय का?” मग स्वतःच हवेत उडून धप्पकन पडायचा आणि आमच्या कोंबड्या पांगायच्या.

फाइट मास्तरने अण्णांना एकच गोष्ट शिकवली होती. पडायचं आणि ‘कट’ ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. अण्णांनी ती फारच मनावर घेतली. एकदा त्यांना ढाब्यामागच्या खाचरात, पेंढ्यावर पडायचं होतं. ते पडले आणि पडूनच राहिले. दुपारच्या जेवणाची सुट्टी झाली, माणसं ताटं घेऊन बसली, आणि भाताच्या पेंढ्यात चष्मा लावून आमचे अण्णा डोळे मिटून निजलेले. शेवटी किसन शोधत गेला. “मास्तर, उठा! कट कवाच झाला!” अण्णा म्हणाले, “मला ऐकू नाही आलं.” ही गोष्ट आमच्याकडे जेवताना पुनःपुन्हा सांगितली जायची. सिनेमाच्या नावाने कपाळाला आठी घालणारी आईसुद्धा तेवढ्या वेळी पदर तोंडाला लावून हसायची.

सिनेमा खोपोलीला लागला तेव्हा गावातली निम्मी माणसं दुपारच्या खेळाला एसटीने गेली. ढाब्याची मारामारी सुरू झाली आणि आमच्या गावाने थिएटर डोक्यावर घेतलं. पडद्यावर नायकाचा चेहरा होता, पण गाव ओरडत होतं, “मास्तर! मास्तर!” झारा फिरला, किसन उडाला, पिंपात पडला, पाणी उसळलं. माझ्या एका बाजूला आई होती, तिच्यापलीकडे अण्णा. पडद्यावरचा पाठमोरा माणूस पडला की आई डोळे मिटत होती आणि शेजारी बसलेल्या अण्णांचं मनगट घट्ट धरत होती. शेजारी धडधाकट बसलेल्या माणसाचा हात हातात घेऊन ती त्याच माणसासाठी घाबरत होती. त्या वेळी मला ते विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्यानंतर गाव बदललं असं नाही, पण गावाची नजर बदलली. एसटीच्या रांगेत लोक अण्णांना पुढे ढकलायला लागले, “जा मास्तर, कंडक्टरला झारा दाखवा.” एका बाईने तर आपल्या नवऱ्याला दम द्यायला त्यांना घरी बोलावलं. अण्णा गेले नाहीत, पण बोलावणं आलं हे त्यांना आवडलं. भांग जरा तिरका पाडायला लागले. आईने ते पाहिलं.

किसनचं उलट झालं. आधी तोही हसण्यात सामील होता. मग गॅरेजसमोरून जाणारी पोरं “पिंपात पैलवान!” असं ओरडून पळायला लागली. घाट उतरून आलेले ड्रायव्हर गाडी दुरुस्त होईपर्यंत विचारायचे, “शिंप्यानं लोळवला तो तूच का रं?” तो दुपारी जेवायला येईनासा झाला. आई वाट बघून त्याची भाकरी झाकून ठेवायची आणि संध्याकाळी ती आम्ही खायचो. भिंतीपलीकडचा हातोडा चालू होता, पण त्याचा आवाज वेगळा झाला होता. पूर्वी तो थांबत थांबत वाजे, मध्ये कुणाशी तरी बोलणं असे. आता नुसते घाव ऐकू येत. मी मान वर काढून अण्णांकडे बघायची. अण्णा शिवत असायचे.

मग देवीची जत्रा आली. जत्रेच्या दिवसांत सगळं गाव नवे कपडे मागत असल्यामुळे अण्णा दरवर्षी दुकानातच अडकलेले असत. पालखी दारावरून गेली की उभं राहून हात जोडायचे, एवढीच त्यांची जत्रा. त्या वर्षी लोकांनी त्यांना ओढून नेलं, पंचांच्या शेजारी बसवलं. गळ्यातली माप घ्यायची टेप काढायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. आमच्या गावात कुस्तीची जोड लावायची रीत अशी होती की आदल्या दिवशी पैलवान देवीपुढचा नारळ घेऊन गर्दीतून फिरे आणि ज्याच्याशी लढायचं त्याच्यासमोर तो धरे. समोरच्याने हात मागे बांधले तर तो नाही म्हणाला, असं समजत. त्यात कमीपणा नव्हता. नारळ हातात घेतला की मात्र जोड ठरली. गावातल्या लहान मुलालाही हे माहीत होतं. अण्णांना नव्हतं. त्यांच्या आयुष्यात नारळ यायचा तो लग्नाच्या कापडावर. मुलीकडचे, मुलाकडचे कापडाच्या गठ्ठ्यावर नारळ ठेवून आणत. शिंप्याने तो दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि कामाची वेळ विचारायची, अशी आमच्या धंद्यातली रीत.

किसन गर्दीतून सरळ आला आणि अण्णांपुढे उभा राहिला. त्याने नारळ पुढे धरला. खालूबाजा वाजायचा थांबला. अण्णा उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी नारळ घेतला, कपाळाला लावला आणि हसून म्हणाले,

“वा! कधी पाहिजे?”

“उद्या,” किसन म्हणाला.

“उद्या? एवढ्यात कसं व्हायचं रे? जत्रेची कामं पडलीत.”

तो हशा मला अजून ऐकू येतो. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. किसन हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. हा हशाही आपल्यालाच आहे असं त्याला वाटलं असणार, आणि ते अर्धं खरंही होतं. म्हाताऱ्या पंचांनी अण्णांच्या कानाशी लागून त्यांना काय ते सांगितलं. अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं.

“परत देतो ना मग,” ते म्हणाले.

“देवीम्होरं घेतलेला नारळ परत नाय देत, मास्तर,” किसन म्हणाला. “तुमी हात मागं का नाय बांधले?”

अण्णांनी नारळ काखेत घेतला होता, आणि दुसरा हात दुसऱ्या काखेत घातला होता. मी बायकांच्या घोळक्यात आईला चिकटून उभी होते. आईने माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. घरी येताच तिने चूल पेटवली. अण्णा आले, नारळ देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले, पण मशीन चाललं नाही. ऊन कलायला लागलं तशी आई उठली आणि मला म्हणाली, “सुमे, चल.”

आम्ही ठमाबाईंकडे गेलो. त्या चुलीपुढे उकड मळत होत्या. आईला बघून त्यांनी पाट सरकवला, पण नेहमीसारखं ‘ये गं’ म्हणाल्या नाहीत.

“ठमाबाई, तो मार खोटा होता. तुम्हाला माहीत आहे,” आई म्हणाली.

“मला ठाव हाय, तुला ठाव हाय. बगनाऱ्याला काय ठाव?” त्या भाकरी थापत राहिल्या. “खालापूरकडची पोरगी बगितली व्हती किसनला. समदं ठरलं व्हतं. काल तिच्या मामानं सांगून धाडलं, शिंप्याच्या हातचा मार खाल्लेला पैलवान आमाला नको. आता बोल.”

तव्यावरच्या भाकरीवर ठमाबाईंनी पाणी फिरवलं, त्याचा चर्र आवाज झाला.

“त्यांचा हात मोडला तर आम्ही काय करायचं?” आईने विचारलं.

“किसन वाईट नाय गं.”

“वाईट नाही, हे मला सांगू नका. मी वाढलंय त्याला. पण चिडलेला आहे. चिडलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याचा हात गेला की काय होतं?”

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी गरम भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. “पोरीला घाल,” एवढंच आईला म्हणाल्या. आईने ती घेतली. घरी तिने अण्णांना खालापूरच्या सोयरिकीचं सांगितलं. भाकरी कुणालाच गिळवेना.

सकाळी मशीनचा आवाज आला तेव्हा मला हायसं वाटलं. उठून बघते तर अण्णा स्वतःच्या मापाची आखूड चड्डी शिवत होते. जाड मांजरपाट, पक्का दोरा, आणि प्रत्येक शिवणीवर दुसरी शिवण. कुस्तीच्या तयारीतलं त्यांना येण्यासारखं तेवढंच होतं. आई आतून ती गोधडीची बंडी घेऊन आली. अण्णा तिच्याकडे बघून म्हणाले, “आखाड्यात उघड्या अंगानं उतरायचं असतं.” आई बंडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने ती घडी न घालता परत आत नेली.

उन्हं उतरल्यावर कुस्त्या सुरू झाल्या. खालच्या अंगाचं एक खाचर नांगरून माती भुसभुशीत केली होती. बायकांना आखाड्यात पाय ठेवायचा नसे. आम्ही वरच्या बांधावर उभ्या होतो, ठमाबाई आमच्यापासून थोड्या लांब. आईने बंडी बरोबर आणली होती, पदराखाली धरली होती. दुहेरी शिवणीच्या चड्डीत अण्णा मातीत उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर फक्त बरगड्या दिसत होत्या. गाव हसायच्या तयारीने आलं होतं, आणि अण्णांनी पहिल्यांदा गावाला हसवलंही. किसन एक पाऊल पुढे आला की ते दोन पावलं मागे जात. खाचराच्या कडेकडेने त्यांची एक फेरी झाली. “मास्तर, झारा आना झारा!” कुणीतरी ओरडलं. “अरं पिंप आना रं किसनला!” दुसरा ओरडला.

किसन थांबला. मला इतक्या वरूनही दिसलं की त्याची मान ताठ झाली. अण्णांना ते जवळून दिसलं असणार. कारण तेही थांबले. त्यांनी हात काखेतून काढले. आखाड्याच्या मधोमध चालत गेले आणि आपला उजवा हात, ज्या हाताने ते कात्री धरत तो, किसनच्या हातात दिला. आई माझ्याशेजारी काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव नव्हतं ते. “उजवा नको, उजवा नको,” असं ती म्हणत होती.

दोघांची डोकी एकमेकांना भिडली. अण्णांचे ओठ हलताना मला दिसले. ते काय बोलले, ते पुष्कळ वर्षांनी किसनने मला सांगितलं. अण्णा म्हणाले होते, “उचल मला. डावीकडे टाक. उंचावरून टाक, खालापूरपर्यंत दिसू दे.”

किसनने त्यांना कंबरेत धरलं, डोक्यापर्यंत उचललं आणि फेकलं. अण्णा हवेत पसरले. मी सिनेमात पाहिलं होतं, त्याहून ते वर गेले असं मला वाटलं. मग डाव्या खांद्यावर पडले. तो आवाज गादीवर पडल्याचा नव्हता. पाठ मातीला टेकली, हात पसरले, मान एका बाजूला गेली. गर्दी उसळली, फेटे उडाले, खालूबाजा वाजायला लागला. लोकांनी किसनला खांद्यांवर घेतलं आणि नाचवायला सुरुवात केली. अण्णा हलले नाहीत.

किसनची मिरवणूक खाचराच्या दुसऱ्या टोकाला गेली, तरी ते हलले नाहीत. हा देखावा आहे की खरं आहे, हे मला कळत नव्हतं. कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं. सगळे दुसरीकडे बघत होते. मी आईकडे पाहिलं. ती बांधाच्या अगदी कडेला गेली होती, तिच्या पायाखालची ढेकळं आखाड्यात घरंगळत होती. आधी ती हळू म्हणाली, जणू घरातच आहे, “अहो, कट.” मग बंडी काढून हातात घेतली आणि ओरडली. तिला ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही ऐकलं नाही.

“अहो, कट! कट झालं! उठा!”

आजूबाजूच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. अण्णांनी एक डोळा उघडला. उजवा हात टेकून उठायला गेले, पण डावा हात बरोबर आलाच नाही. तो खांद्यापासून खाली लोंबत राहिला. तेवढ्यात किसनने वरून ते पाहिलं. माणसांच्या खांद्यांवरून त्याने उडी मारली, धावत आला आणि अण्णांना पोरासारखं उचललं. “मास्तर, लई वरून टाकला का वो मी?” तो रडत विचारत होता. अण्णा म्हणाले, “चांगला टाकलास.” मग त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली आणि ती वर करून बांधावर आईला दाखवली.

किसन त्यांना एका ट्रकमध्ये घालून कर्जतकडच्या एका हाडवैद्याकडे घेऊन गेला. खांदा बसला, पण डावा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. कापड कापायला तेवढा हात पुरतो, असं अण्णा म्हणत. किसन दुसऱ्याच दिवशी दुपारी मागच्या दाराशी आला, न सांगता राखेने हात घासले आणि ताटावर बसला. आईने वाढलं, पण त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. बरेच दिवस बोलली नाही. मग एकदा त्याने बिरड्यात मीठ जास्त झाल्याचं सांगितलं आणि ती म्हणाली, “खायचं तर खा, नाहीतर ढाब्यावर जा.” तेव्हा आमच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. खालापूरची सोयरीक जुळली. लग्नाचं कापड आमच्याकडेच आलं. ठमाबाईंनी गठ्ठ्यावर नारळ ठेवून तो पुढे केला आणि अण्णांचे दोन्ही हात आपोआप मागे गेले. ठमाबाई हसता हसता खाली बसल्या. “घ्या वो मास्तर, कोटाचा हाय!” अण्णांनी नारळ घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, “कधी पाहिजे?”

अण्णा म्हातारपणी घरीच गेले, दिवसाउजेडी. माणसं तुळशीचं पान शोधत होती. आई त्यांच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. जवळच्यांना वाटलं, देवाचं नाव घेतलं. मी उशाशीच होते, मी ऐकलं. “अहो, कट झालं,” ती म्हणाली. थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग उठली आणि लोकांना वाट करून दिली.

गेल्या श्रावणात आईही गेली. तिच्या कानाशी बोलण्यासारखा कुठलाच शब्द मला सापडला नाही. ठमाबाई आधीच गेल्या होत्या. किसन सुनेचा हात धरून आला, ओट्यावर बसला. निघताना म्हणाला, “वैनींचा आवाज मोठा व्हता गं सुमे. मी खांद्यावरून ऐकला.”

दुकान होतं तिथे आता टायरचं दुकान आहे. तो सिनेमा टीव्हीवर कधी लागल्याचं मला माहीत नाही. ती बंडी माझ्याकडे आहे. तिच्यातल्या कापसाच्या गाठी झाल्या आहेत आणि लुगड्याचा रंग ओळखू येत नाही, पण खांद्यावरचे टाके अजून उसवलेले नाहीत. माझी पाठ दुखते, म्हणून लिहायला बसताना मी ती खुर्चीत मागे लावते. आत्ताही ती मागे आहे.